इएल जागेवर आहे का?

बाई : पुन्हा म्हणा. आणि ओरडू नका, हे माझं स्वयंपाकघर आहे, तुमचा बसस्टँड नाही.

बाबा : ओरडत नाहीये हो बाई, आवाजच तसा आहे. अख्खी नोकरी स्टँडच्या भोंग्यावर बस पुकारण्यात गेली. हळू बोलायला गेलो की घसा बसतो.

बाई : घशाचं नंतर बघू. वाक्य.

बाबा : इएल ए ला? इएल ए ला?

बाई : छान. ‘इएल जागेवर आहे का?’ आता एवढंच सांगा, प्रत्येक वाक्य दोनदा का म्हणता?

बाबा : पहिल्यांदा माणूस नुसता कान टवकारतो, ऐकतो दुसऱ्यांदा. स्टँडवर एकदाच सांगितलेली बस हमखास चुकते लोकांची.

बाई : तुमचं शेंडेफळ फलाटावर पिशवी घेऊन उभं नाहीये. फोनवर आहे. एकदा म्हटलं तरी पोचेल.

बाबा : इतकी वर्षं कुठे काय पोचलं, बाई? दर रविवारी फोन. हवा कशी, बरी आहे. जेवण झालं का, झालं. थोरल्याच्या पोरांचं विचारतं आणि ठेवून देतं. आई होती तेव्हा तासन् तास बोलायचं तिच्याशी. ती गेली आणि माझ्या वाट्याला हवा आली नुसती.

बाई : आज किती वाजता येणार फोन?

बाबा : आत्ताच, तिकडे आता रात्र असते. म्हणून तर सकाळी सकाळी तुमचा चहा उकळायला लावला. पुन्हा एकदा सगळं समजावून सांगा ना. ऐनवेळी गोंधळ नको.

बाई : पालथ्या घड्यावर पाणी. बरं, ऐका. इल म्हणजे तो, एल म्हणजे ती. फ्रेंचमध्ये घर दोन खोल्यांचं आहे, तिसरी खोली नाही. टेबलसुद्धा बाई आणि पंखा बाप्या. शंभर बायका बसल्या असतील आणि त्यांच्यात एक बोका शिरला, तर तो सगळा घोळका पुरुषांचा धरायचा. जन्मभर पोरांकडून हे घोकून घेतलंय मी.

बाबा : बोक्याची चैन आहे.

बाई : आणि आता ही नवी पोरं आली. आम्ही ना तो, ना ती, म्हणाली. इल आणि एल यांना टाके घातले आणि इएल शिवला. एका शब्दकोशाने तो शब्द घेतला तेव्हा तिकडच्या पंडितांनी आकाशपाताळ एक केलं. खरं सांगू? इथे बसून मीही केलं. मला तो शब्द आजही आवडत नाही. कानाला टोचतो.

बाबा : तरी शिकवलात.

बाई : जिना उतरून येऊन दारात उभे राहिलात तुम्ही. लेकराने आपल्या आईला सांगितलं होतं, जाताना ती मला सांगून गेली; माझं लेकरू स्वतःला जे म्हणतं ते मला म्हणता आलं पाहिजे, म्हणालात. त्यावर व्याकरण काय बोलणार? कप्पाळ?

बाबा : आपल्याकडे किती सोपं होतं हो. लेकरू झालं की ते. ते रडतं, ते हसतं, ते रांगतं. कुणी आक्षेप घेत नाही. शाळेत नाव घातलं की मग आपणच त्याची मुलगी करतो. आणि भोंग्याला तर तो-ती काही नसतंच. ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे.’ संपलं. शेंडेफळ तिकडे फ्रेंच मुलखात नोकरीला गेलं आणि माझ्याशी असंच बोलायला लागलं. ‘जेवण झालेलं आहे, कामावर जाणं झालं.’ मला वाटायचं, पोरगी सरकारी पत्र वाचून दाखवतेय की काय.

बाई : पोरगी?

बाबा : लेकरू. लेकरू वाचून दाखवतंय. चुकलो. पण बघा, आता महिन्यातून एखाद्याच वेळी चुकतो. थोरला म्हणतो, बाबांना म्हातारपणी चळ लागलाय. लागू दे. या वेळी सुट्टीत येतंय ना ते घरी, तोवर मला अगदी पक्कं करायचंय. ते दारात आलं की पहिलं वाक्य मी फ्रेंचमध्ये बोलणार.

बाई : त्याला माहीत आहे तुम्ही शिकताय ते?

बाबा : छे! आजच कळणार. म्हणजे... तसं शुक्रवारी कळलंच असेल म्हणा.

बाई : शुक्रवारी काय होतं?

बाबा : परीक्षा. तुम्ही पास केलंत मला, पण तुम्ही पडलात ओळखीच्या. आमच्याकडे नवा माइक आला की आम्ही तो रिकाम्या फलाटावर तपासत नाही, भर गर्दीत तपासतो. म्हणून मी तिच्या... त्याच्या ऑफिसात फोन लावला.

बाई : कुठे लावला?

बाबा : ऑफिसात हो! तिकडच्या नगराचं सूचना खातं. बागेत काय करू नये, तलावात कधी पोहावं, असल्या पाट्या लिहितात तिथे. माझाच धंदा, फक्त कागदावर. नंबर होताच घरात. एका बाईंनी उचलला. मी तुम्ही शिकवलेलं खणखणीत म्हटलं. ‘नमस्कार. माझं लेकरू तुमच्याकडे काम करतं. इएल जागेवर आहे का?’ मग मी सवयीने पुन्हा म्हटलं. ‘इएल जागेवर आहे का?’ तिने विचारलं, कोण? मी नाव सांगितलं. मग बहुतेक तिने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला, कारण ती म्हणाली, परत सांगता का. सांगितलं. दोनदा.

बाई : मग?

बाबा : मग काय, मागून हसण्याचा आवाज आला. छान खेळीमेळीचं ऑफिस आहे. म्हणाली, आत्ता जागेवर नाही, निरोप देते. अहो, माझं फ्रेंच समजलं त्यांना! तुम्ही अशा का बघताय?

बाई : हसले, म्हणालात. किती जण हसले?

बाबा : आता ते कसं... चार-पाच असतील. का हो?

(फोन वाजतो.)

बाबा : आलाच बघा! तुम्ही बसा, उठू नका. मी आवाज मोठा ठेवतो, तुम्हालाही ऐकू दे. ... हॅलो! जेवलंस का?

शेंडेफळ : बाबा. हो. आत्ताच बाहेरून आले.

बाबा : थांब, थांब, आधी मला बोलू दे. पाठ केलंय, विसरायला होईल. ऐक हं.

शेंडेफळ : बाबा, शुक्रवारी तुम्ही ऑफिसात फोन केला होता?

बाबा : कळलं ना? मी होतो तो! ओळखलंस का माझा आवाज?

शेंडेफळ : मी नव्हते तिथे. मला नंतर सांगितलं.

बाबा : बरोबर बोललो होतो का? बाई इथेच आहेत, खालच्या मजल्यावरच्या, फ्रेंचच्या. त्यांच्याकडे शिकतोय मी. तुझ्यासाठी. इएलसुद्धा शिकलो. आता बाहेरसुद्धा मी... काय म्हणालीस... म्हणालंस तू मघाशी? ‘बाहेरून आले’?

शेंडेफळ : हो.

बाबा : तू असं बोलत नाहीस ना.

शेंडेफळ : बोलते आता. तेच सोपं पडतं.

बाबा : म्हणजे?

शेंडेफळ : बाबा, मी ते सोडलं. इएल, आणि ते सगळं. हिवाळ्यातच सोडलं. तुम्हाला सांगायचं राहिलं, कारण तुम्हाला ते कधी माहीत आहे असंच मला वाटलं नव्हतं.

बाबा : सोडलं म्हणजे काय? ते काय सिगारेट आहे सोडायला?

शेंडेफळ : कसं समजावू तुम्हाला. इथे लागले तेव्हा मी सूचना लिहायचे त्यात टिंबं द्यायचे. शब्दाच्या पोटात एक टिंब. पोहायला येणारा, येणारी, आणि दोन्ही नसलेलं माणूस, तिघंही एकाच शब्दात मावावीत म्हणून. माझ्या नावाखालीही मी ‘इएल’ असं लिहायचे. मग तक्रारी आल्या. लोकांना वाचता येत नाही म्हणे. वरून हुकूम निघाला की एकाही पाटीवर टिंब दिसता कामा नये. आणि ती काढायचं काम मला दिलं. तुम्हीच घातलीत, तर काढाही तुम्हीच.

बाबा : तुलाच?

शेंडेफळ : एकेक पाटी उघडायची, टिंब पुसायचं, जतन करायचं. सबंध हिवाळा तेच केलं. शेवटी साहेबीणबाईंनी बोलावलं. वाईट नाहीत त्या. म्हणाल्या, नोकरी कायम करायची आहे तुमची, पण हा विषय एकदाचा संपवा, सगळे दमलेत. मी म्हटलं, मीही दमलेय. संपवला. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. लोक विसरले होते. मला डबा खायला बोलवायला लागले होते, बाबा.

बाई : अरे देवा.

शेंडेफळ : त्या बाई का?

बाई : हो. माझंच चुकलं. मी विचारायला हवं होतं कुठे बोलणार आहात म्हणून. खरं तर मीसुद्धा त्या शब्दाच्या विरोधातलीच आहे.

शेंडेफळ : माझ्या ऑफिसात आहेत तुमच्यासारख्या. त्याही चांगल्या आहेत. त्या हसल्या नाहीत.

बाबा : हसले म्हणजे कशाला हसले? मी काही चुकीचं बोललो का? उच्चार चुकला का?

शेंडेफळ : उच्चार बरोबर होता. फार स्वच्छ होता. म्हणूनच सगळ्यांना पाठ झालाय. आता मी खोलीत शिरले की कुणीतरी म्हणतं, इएल जागेवर आहे का? तुमच्यासारखंच. दोनदा.

बाबा : मी उद्या पुन्हा फोन लावतो. त्यांना सांगतो की चूक माझी. बाई वाक्य करून देतील. ‘माझ्या मुलीचा यात काही...’ नाही, ‘माझ्या लेकराचा...’ काय म्हणू सांग, तू म्हणशील ते म्हणतो.

शेंडेफळ : नका. पाया पडते, नका लावू.

बाबा : नाही लावत. हात दाखवून अवलक्षण केलं मी. मला वाटलं, तुला आनंद होईल.

शेंडेफळ : झाला असता. खरंच सांगते. पहिल्या वर्षी खोलीत एकटी होते, कुणीच तसं म्हणायचं नाही, तेव्हा तुमच्या तोंडून एकदा ऐकलं असतं ना, तर मी रस्त्यात नाचले असते. ऐकलं ते आता. तुमच्यावर चिडलेही नाही मी. नुसतं वाटलं, आता हे कशाला.

बाबा : वरातीमागून घोडं.

शेंडेफळ : असं नका म्हणू.

बाबा : म्हणू दे. मग तू इथेच ये ना. सुट्टीत येणारच आहेस. इथे कुणी हसणार नाही, त्याची मी सोय केलीये. सगळ्यांना सांगून ठेवलंय.

शेंडेफळ : कुणाला?

बाबा : सगळ्यांनाच. वॉचमनला, दुकानदाराला, थोरल्याच्या सासूबाईंना. स्टँडवरच्या पोरांनाही. मुलगी म्हणायचं नाही, मुलगा म्हणायचं नाही. लेकरू येतंय म्हणायचं. सासूबाईंनी जरा तोंड वाकडं केलं, पण मी म्हटलं, माझ्या घरात यायचं तर असंच बोलावं लागेल. लिफ्टजवळ सगळे उभे असताना सांगितलं, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

शेंडेफळ : लिफ्टजवळ.

बाबा : सगळे भेटतात तिथे.

शेंडेफळ : बाबा, मी नाही येत सुट्टीला.

बाबा : का? रजा नाही दिली?

शेंडेफळ : दिलीये रजा. माझ्यातच जोर नाही. आले की वॉचमन बघणार, सासूबाई बघणार. मग मी त्यांना सांगायचं, नाही हो, आता तसं काही नाही. मग ते विचारणार, मग आधी काय होतं? आणि मी तुमच्या दिवाणखान्यात चहाचा कप धरून उत्तरं देणार. इथे दिली तेवढी पुरे झाली. मला कुठेतरी पडून राहायचंय. इथल्या खोलीत पडेन.

बाबा : मी परत सांगतो सगळ्यांना. सूचना रद्द झाली म्हणतो. बस रद्द झाली की आम्ही सांगतोच की.

शेंडेफळ : मग काय म्हणणार? ती पुन्हा मुलगी झाली?

बाबा : नाही. असं कसं म्हणू.

बाई : जरा मी बोलू का? सोडायचं तर सोडा, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण घरी यायचं तेवढं सोडू नका. या माणसाने केवढ्या हौसेने, केवढं...

शेंडेफळ : माहीत आहे हो बाई. ते माहीत आहे म्हणून तर आणखी अवघड जातंय. कुणी वाईट वागलं असतं तर भांडून मोकळी झाले असते.

बाबा : चुकलं माझं.

शेंडेफळ : चुकलं नाही. उशीर झाला. त्यात कुणाची चूक नसते.

बाबा : उशीर झाला तर आमच्याकडे माणूस थांबतो तरी. पुढची गाडी येते. तू पुन्हा सुरू कर ना ते. मी आहे आता. आधी कुणी नव्हतं, आता मी आहे.

शेंडेफळ : तुम्ही रविवारी आहात. बाकीचे दिवस मला जावं लागतं तिथे. माझ्यासाठी एक कराल?

बाबा : सांग. काहीही सांग.

शेंडेफळ : मला पूर्वीसारखं ‘अगं’ म्हणा. ‘काय गं, जेवलीस का’ म्हणा. इतकं सांभाळून, शब्द चाचपत बोलू नका. तुम्ही बोलता बोलता अडखळता ना, तेव्हा मला कळतं की तुम्ही माझाच विचार करताय, आणि मग मलाही माझा विचार करावा लागतो. एक जागा अशी राहू द्या जिथे कुणालाच काही आठवत नाही.

बाबा : पण तू ती नाहीस ना.

शेंडेफळ : नाही.

बाबा : मग मी खोटं बोलू?

शेंडेफळ : मी दिवसभर बोलते. तुम्ही रविवारचं तेवढं बोला.

बाबा : मला आता ‘अगं’ येत नाही तोंडात. बाईंना विचार. टेबलावर चमचा आपटून आपटून त्यांनी काढून टाकलंय. थोरल्याच्या मुलीलाही परवा मी ‘अगं’ म्हणालो नाही. ओठापर्यंत येतं आणि मागे फिरतं.

बाई : खरंय. मीच काढलं.

बाबा : इतक्या कष्टाने ते काढलं मी. आता परत कसं घालू?

शेंडेफळ : जमेल, बाबा. सुरुवातीला स्वतःचीच लाज वाटते. मग रोज थोडी कमी होत जाते. मला जमलं, तुम्हालाही जमेल.